ताप आल्यास त्याच दिवशी

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. खामगावात मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. मानेतल्या गाठी कॅन्सरच्या निघाल्या आणि मुंबईला इंजेक्शनं सुरू झाली. एक फेरी संपली की घरी यायचं, काही आठवड्यांनी पुन्हा जायचं. तिथल्या डॉक्टरांनी इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी दिली होती. तिच्यातल्या एका ओळीखाली रेघ होती: या औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, ताप आल्यास त्याच दिवशी रक्त तपासून दवाखान्यात भरती करा.

चिठ्ठीचं घरात फार कौतुक झालं. माझे यजमान आल्यागेल्याला ती वाचून दाखवत. वर मुंबईच्या दवाखान्याचं नाव छापलेलं होतं, म्हणून. रेघेवरची ओळ ते जरा घाईनं वाचत.

दुसऱ्या फेरीनंतर दहाव्या दिवशी सकाळी मला हुडहुडी भरली. नेमके त्याच दिवशी नणंदेला पाहायला पाहुणे यायचे होते. सासूबाई म्हणाल्या, "आज काही बोलू नको. पाव्हण्याईले कळलं तं पोरीचं जमत आलेलं मोडन." मी पदवीधर, दुसऱ्यांच्या मुलींना अक्कल शिकवणारी. मुकाट्यानं शाल गुंडाळून पोहे केले. इतरांबद्दल बोलण्याआधी हे सांगून टाकलेलं बरं. पाहुणे पोहे खाऊन गेले, उत्तर काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमचे घरचे डॉक्टर आले. नाडी धरण्याआधीच त्यांचं निदान तयार असे. "हिवताप आहे," ते म्हणाले. यजमानांनी चिठ्ठी पुढे केली. डॉक्टरांनी वरच्या दोन ओळी वाचून घडी घातली. "आता मुंबईवाले आम्हाला ताप शिकवणार का? इकडचे मच्छर पाहिलेत त्यांनी?" कडू गोळ्या आणि गुलाबी मिक्श्चर देऊन ते गेले. त्यांना दारापर्यंत पोचवून यजमान आत आले. "पाह्य, उगाच भेत होती तू."

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. एक मामेसासरे माझ्या खाटेवर बसले आणि खोकत खोकत मला समजावत राहिले की कॅन्सर मनातून काढला की अंगातूनही जातो.

तिसऱ्या दिवशी तोंड आतून सोलवटलं, पाणी गिळवेना. मी यजमानांना म्हटलं, "मी सरकारी दवाखान्यात चालली. टांगा बोलवा."

"पन डॉक्टरले काय वाटन?" ते म्हणाले.

त्या वेळी नवऱ्याबद्दल मनात जे आलं, ते पुढे कधी पुरतं गेलं नाही.

केसपेपरच्या रांगेत शिपायाला सांगितलं, फार ताप आहे. तो म्हणाला, "इथं सगळ्याइलेच ताप आहे, बाई." मी भिंतीला टेकून उभी राहिले. आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं चिठ्ठी शेवटपर्यंत वाचली. खामगावात तसं करणारी ती पहिलीच.

"ताप कधीपासून?"

"आज तिसरा दिवस."

तिनं लगेच रक्त काढायला सांगितलं. थोड्या वेळानं रक्त तपासणारे वयस्क मुसलमान गृहस्थ स्वतःच कागद घेऊन आले. "दोनदा मोजल्या म्या," ते तिला म्हणाले. "पहिल्यानं वाटलं, माह्याच नजरेत खोट आहे. पांढऱ्या पेशी जवळपास नाहीतच."

मला वेगळ्या खोलीत ठेवलं आणि पेनिसिलीनची इंजेक्शनं सुरू केली. भेटायला कोणालाही सोडायचं नाही, असा डॉक्टरणीचा हुकूम होता. मामेसासऱ्यांना तो अपमान वाटला. मला इतकी शांतता लग्नानंतर प्रथमच मिळत होती. नवव्या दिवशी ताप उतरला.

घरी आल्यावर घरचे डॉक्टर चौकशीला आले. चारचौघांत म्हणाले, "वेळेवर मीच धाडलं सरकारीत, म्हणून वाचल्या." यजमानांनी मान डोलावली.

पुढच्या फेऱ्यांमध्ये दोनदा ताप आला. दोन्ही वेळा कोणाला न विचारता मी टांग्यात बसले. गाठी गेल्या, वर्षभरानं शाळेत रुजू झाले. ते डॉक्टर नंतरही बरीच वर्षं घरी येत. त्यांना चहा सासूबाई नेऊन देत.