रफिकच्या बायोमध्ये दुःख कमी पडलं

रफिक मेला आणि त्याचा बायो एकदम दमदार झाला.

हे माझं मत नाही. मुंबईच्या एका प्रोड्यूसरच्या ऑफिसचं आहे.

आज वर्ष झालं. कुणीच काही लिहिलं नाही, म्हणून मी लिहितोय.

रफिक माझा कॉलेजपासूनचा दोस्त. माजलगावात वडिलांच्या गॅरेजवर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात सिनेमा लिहायचा.

एक लिहून पूर्ण केला. दोन भाऊ, दोघांत मिळून एक ट्रॅक्टर, आणि बोलणं बंद. कॉमेडी. वाचताना माझ्या नाकातून चहा आलता.

त्याने मुंबईला मेल टाकला आणि चक्क उत्तर आलं. स्क्रिप्ट पाठवा. सोबत लॉगलाइन, सिनॉप्सिस, पात्रांची ओळख आणि लेखकाचा बायो, म्हणजे स्वतःबद्दल चार ओळी.

तसाच माझ्याकडे आला. "लॉगलाइन म्हंजे काय बे?"

"अख्खा पिक्चर एका वाक्यात."

"एका वाक्यात सांगता आला असता तर एवढा लिहिला कशाला असता?"

पण बसला. सिनॉप्सिसच्या एका पानात गोष्ट बसेना, म्हणून धाकट्या भावाची बायको कापली. शबानाने, म्हणजे त्याच्या बायकोने, वाचलं आणि म्हणाली, "शेवटी बाईच कापली ना?"

गुपचूप परत घेतली.

बायो मात्र एका दमात लिहिला. "मी माजलगावचा. वडिलांचं गॅरेज आहे. घरी सगळे बरे आहेत. मला लोकांना हसवायला आवडतं."

सगळं पाठवलं. काही दिवसांनी ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. स्पीकरवर होता, मी शेजारीच.

"स्क्रिप्ट छान आहे. पण बायोमध्ये काहीच नाही हो. बीडचे ना तुम्ही? स्ट्रगल टाका. दुष्काळ, स्थलांतर, काहीतरी. मुस्लिम म्हणून काही अनुभव असेल तर फारच छान."

"न्हाई मॅडम. आमचं बरं चाललंय."

"मग सरांना मी काय दाखवू?"

फोन ठेवून लई हसला. मग म्हणाला, "आपल्याकडं दुःखबी धड न्हाई बघ."

नंतर कधीही विचारलं की मॅडमचं नुसतं "सर वाचतायत".

सर वाचतच होते, आणि रफिक धारूरकडे एक बंद पडलेला ट्रॅक्टर बघायला गेला. परत येताना घाटात ट्रकने उडवला. जागेवर गेला.

दफन झाल्यावर मीच मॅडमना कळवलं. लगेच फोन आला. खूप वाईट वाटलं म्हणाल्या. खरंच वाटलं असेल.

मग म्हणाल्या, "आता सर खूप इंटरेस्टेड आहेत. लेखकाचा पहिला आणि शेवटचा सिनेमा! फक्त शेवट बदलू, एक भाऊ मरेल. तुम्ही नवा बायो, अपघाताच्या जागेचा फोटो आणि आईंचा छोटा व्हिडिओ पाठवा. रडल्या तरी चालेल. नॅचरल असू दे."

मी रफिकच्या घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं.

त्याचे वडील, आमचे चाचा, म्हणाले, "पाठवून दे. पोरगं तर गेलं. नाव तरी पडद्यावर येईल."

त्याच्या अम्मींनी डोक्यावरचा पदर नीट केला. खुर्चीवर येऊन बसल्या. मला विचारलं, "कुठं बघू, बेटा?"

शबानाने माझ्या हातातून फोन घेतला आणि मॅडमना लावला.

"मी त्याची बायको. पिक्चरमधी कुणी मरणार न्हाई. हसवायचं असंल तर घ्या, न्हाईतर सोडा."

"ताई, इमोशनल होऊ नका. मार्केटला..."

तिने फोन कापला. अम्मी तशाच खुर्चीवर बसून होत्या.

परत कधी फोन आला नाही.

चाचा सगळ्या नातेवाइकांसमोर सुनेला म्हणाले, "माझ्या पोराला तू दुसऱ्यांदा मारलंस." तेव्हापासून शबाना चौसाळ्याला, माहेरी आहे. शिवणकाम करते.

मागे भेटली तेव्हा मी विचारलं, "पस्तावा होतो का, भाभी?"

"रोज होतो, भाऊ. पण उद्या परत विचारलं तर न्हाईच म्हणीन."

आज सकाळी कब्रस्तानात गेलतो. चाचा आत होते. शबाना बाहेर रस्त्याच्या कडेला उभी होती, डोळे मिटून. चाचा बाहेर आले आणि तिच्या शेजारून निघून गेले.

मी तिला बसमध्ये बसवून आलो.

रफिक, तुझ्या नावाची पाटी कुठल्याच पडद्यावर लागली नाही. इथे लिहितोय, एवढंच माझ्या हातात आहे.

सुकून मिळो तुला, दोस्ता.