कारंज्याला ऐकू आलेला शब्द

खरं सांगायचं तर मी कारंज्याला नवस फेडायला गेले नव्हते, भांडायला गेले होते. त्याच्या चौदा महिने आधी ह्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. ऐकू येत होतं, सगळं कळत होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्या वेळी दवाखान्यातल्या बाकावर बसून मी गुरुमहाराजांना बोलले होते, ह्यांना बोलतं करा, दोघं तुमच्या जन्मगावी, कारंज्याला, दर्शनाला येऊ. पारायणं झाली, गुरुवार झाले, काही घडलं नाही. शेवटी म्हटलं, आता आपणच जावं आणि समोर उभं राहून जाब विचारावा.

मी गणिताची शिक्षिका, निवृत्त झाले तरी आवाज वर्गातलाच राहिला. हे पोस्टात होते आणि मुळातच मितभाषी. दुकानात, लग्नकार्यात, नातेवाइकांत दोघांच्या वाटचं मीच बोलायची. ह्यांना बोलायला शिकवायला एक मुलगी घरी यायची. ती दर वेळी बजावायची, "काकू, काही विचारलं की वीसपर्यंत मोजा, तोवर तुम्ही बोलू नका." मी जेमतेम पाचपर्यंत पोचायचे. ह्यांची तगमग बघवायची नाही आणि उत्तर माझ्याच तोंडून निघायचं. त्याला मी माया समजत होते.

नाशिकहून गाडीने मूर्तिजापूर आणि तिथून टॅक्सीने कारंजा. भाच्याने फोनवरून एक छोटं हॉटेल ठरवून दिलं होतं. 'बुटीक हॉटेल आहे, मावशी, घरच्यासारखं वाटेल,' म्हणाला. मला ते मुळीच घरच्यासारखं वाटलं नाही. नऊ खोल्या, लिफ्ट नाही, टीव्ही नाही, टेबलावर पितळी तांब्यात फुलांऐवजी कापसाची बोंडं. काउंटरमागे बुद्धांची लहानशी मूर्ती. हॉटेल चालवणाऱ्या वंदनाताई पन्नाशीच्या, आवाज मोकळा. ह्यांना त्यांनी खुर्ची दिली आणि विचारलं, "काकाजी, चहा कसा घेता?"

"अर्धा कप, बिनसाखरेचा," मी म्हटलं.

"तुमचं समजलं, काकू. मी काकाजीले इचारून राह्यली."

माझं डोकंच फिरलं. "त्यांना बोलता येत नाही," मी सगळ्यांदेखत सांगितलं. सांगताना ह्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"असू द्या नं. मले काई घाई नाई," त्या म्हणाल्या आणि खरंच तिथे उभ्या राहिल्या. मला ते सहन होईना. किल्ली उचलली, ह्यांना हाताला धरून उठवलं आणि खोलीत घेऊन गेले. हॉटेलात पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची एक वही होती. त्यात काय काय तक्रारी लिहायच्या, याची मनात यादीसुद्धा केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवासाच्या शिणाने हे उठायला तयार होईनात. वंदनाताई म्हणाल्या, "जा तुमी, मी हाये इथं." मी एकटीच मंदिरात गेले. गाभाऱ्यासमोर बसले, पण हात जोडले नाहीत. मनातल्या मनात सगळं काढलं. एवढ्या गुरुवारांचं काय झालं, साध्या माणसाची वाचा कशाला घेतली, तुमच्या मनात नसेल तर तसं सांगा. बरंच भांडले. मग भांडणही सरलं. शेवटी एवढंच म्हणाले, "आता माझ्याच्यानं होत नाही, महाराज. तुम्हाला करायचं तसं करा." फूल पडलं नाही, काही दिसलं नाही. शेजारच्या बाईंनी त्यांचा फुटाण्यांचा प्रसाद माझ्या हातावर ठेवला आणि मी रिकाम्या मनाने परत आले.

हॉटेलच्या अंगणात हे टेबलाशी बसले होते. पुढे पोह्यांची अर्धी संपलेली बशी होती. वंदनाताई लगबगीने पुढे आल्या. "काकू, काकाजी बोलले!"

"काय बोलले?"

"पोहे म्हनले."

आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. "असं खोटं सांगू नका हो. माझी थट्टा करू नका," मी म्हणाले.

"मी कायले खोटं बोलू? इचारलं, पोहे का उपीट, अन् थांबली. तिकडं चहा उतू गेला, तरी थांबली. माह्या बापाले बोलाले असाच लय वेळ लागे, काकू. गावातले लोक निंघून जात. माय तेवढी थांबे."

लपवून काय उपयोग, मला मत्सर वाटला. चौदा महिने ह्यांना न्हाऊ घातलं, भरवलं, रोज देवापुढे बसले, आणि पहिला शब्द गेला तो कालपर्यंत अनोळखी असलेल्या बाईकडे. मी ह्यांच्यासमोर बसले आणि मास्तरीणपणा सुरू केला. "म्हणा ना पोहे. पो... हे. म्हणा." ह्यांनी ओठ घट्ट मिटले आणि मान खाली घातली. ह्यांच्या शब्दांची वाट मीच अडवत होते, हे त्या खाली गेलेल्या मानेने मला सांगितलं. संध्याकाळी दोघं मिळून मंदिरात गेलो. मी काहीच मागितलं नाही.

तिसऱ्या दिवशी निघायचं होतं. नाश्त्याला पुन्हा पोहे आणि उपीट होतं. वंदनाताई आल्या तेव्हा मी त्यांना थांबवलं. म्हटलं, आज मी विचारते. ह्यांच्याकडे वळून विचारलं, "उपीट आणू?" आणि पदर मुठीत धरून मनात आकडे मोजायला लागले. पाच झाले. दहा झाले. ह्यांचे ओठ हलायला लागले, कपाळावर घाम आला, डावा हात टेबलावर सरकायला लागला. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. वीस झाले, मग आकडेही चुकले. मी नुसती बसले. वंदनाताई बाजूला उभ्या होत्या, त्याही हलल्या नाहीत.

"न... को," हे म्हणाले. आणि माझ्याकडे बघून पुन्हा, जरा स्पष्ट, "नको."

ज्या शब्दासाठी मी चौदा महिने देवाला वेठीला धरलं होतं, तो हा. गिळायला मऊ म्हणून चौदा महिने रोज सकाळी मी ह्यांना उपीट भरवत होते. मला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. हेसुद्धा हसले, वाकड्या ओठांनी. वंदनाताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि पोहे आणायला आत गेल्या.

निघताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी खांदे धरले. "असं नका करू. मी नवसबिवस काई मानत नाई, काकू. मी फक्त थांबली." मी म्हटलं, "ते थांबणं मला महाराजांनीच पाठवलं, असं मी मानते. चालेल ना?" त्या हसल्या. "माना नं मंग." अभिप्रायाच्या वहीत मी एकच ओळ लिहिली, की इथे आमचं ऐकून घेतलं.

मी ह्यांची वाणी मागितली होती. पण मनातून मला हवी होती ती माझ्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणणारी वाणी, हे महाराजांना कळत होतं आणि मला नव्हतं. शरण जाणं म्हणजे डोकं टेकवणं एवढंच मला ठाऊक होतं. तोंड बंद ठेवून समोरच्याची वाट बघणं हेही शरण जाणंच आहे, ते त्या नऊ खोल्यांच्या हॉटेलात कळलं.

आता ह्यांच्याकडे दहाबारा शब्द आहेत. रोज सकाळी नाश्त्याला काय करू, असं मी विचारते आणि कपात चहा निवेपर्यंत गप्प उभी राहते. कधी उत्तर येतं, कधी येत नाही. उपीट मात्र आमच्या घरात आता होत नाही.