कटिंग मास्तरांची अब्रू

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तरांचा मोठा दरारा. दोनदा मापल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा त्यांचा कायदा. मोबाइलवरच्या ‘पगाराआधी पगार’वाल्या कर्जाच्या अटी मात्र त्यांनी एकदाही वाचल्या नाहीत. फ्रिज बिघडला होता, दुरुस्तीला तीन हजार हवे होते. आता त्यासाठी बायकोपुढे हात पसरायचा? छे! पुरुषाला काही अब्रू असते की नाही! अंगठ्याने भराभर ‘मान्य’ दाबलं आणि दोन मिनिटांत पैसे हजर.

पगाराच्या दिवशी त्या कर्जाचे साडेचार हजार कापले गेले. मग महिना ढकलायला दुसरं ॲप आणि दुसऱ्याचं फेडायला तिसरं. परवा हप्ता चुकला. कर्जवाले भारी कर्तव्यदक्ष! सासूबाईंपासून कारखान्याच्या मालकापर्यंत, मास्तरांच्या मोबाइलमधल्या दोनशे चौदा जणांना त्यांनी मास्तरांचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘कर्जबुडवा’.

बायकोने तो पाहिला, कपाट उघडलं आणि कपड्यांखालचं पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं.

“यात तेव्हाही पाच हजार होते,” ती म्हणाली. “मला एकटीला कळू नये म्हणून केवढा खटाटोप केलात हो!”