कडेवर
मार्करचं टोपण काढलं की त्या उग्र वासासरशी मला नाशिकरोडच्या आमच्या जर्मनच्या वर्गातले एक काका आठवतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, चष्मा कपाळावर चढवून शेवटच्या बाकावर बसायचे. बाकीच्यांना व्हिसा हवा होता, नोकरी हवी होती. काकांना तिकडे जर्मनीतच जन्मलेल्या नातवाशी बोलायचं होतं. "फोनवर तो कायकाय विचारतो, मॅडम, आणि मी नुसता हसतो," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एकदा म्हणाले, "'ये, कडेवर घेतो' हे कसं म्हणायचं?" कडेला जर्मनमध्ये नेमका शब्द नाही, ते लोक 'हातावर घेतो' म्हणतात, असं सांगून मी वाक्य फळ्यावर लिहून दिलं. पंख्याच्या घरघरीत ते ओठ हलवत घोकत राहिले, आणि पुढे कित्येक महिने जिना उतरतानाही त्यांच्या तोंडात तेच वाक्य असायचं. मग दिवाळीत मुलगा कुटुंबासह आला. सुट्टीनंतर काका वर्गात आले ते बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन. "बोललात का नातवाशी?" मी विचारलं. "बोललो ना. अंगणात दोन्ही हात पुढे केले आणि म्हटलं. एकही चूक नाही." मग डब्याचं झाकण लावत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो म्हणाला, मी आता मोठा झालोय. तेही लगेच समजलं, मॅडम." त्यानंतर ते वर्गाला आले नाहीत. नव्या विद्यार्थ्यांना मी आजही पहिल्या दिवशी विचारते, कशासाठी शिकताय? क्वचित एखादी आजी सांगते, नातवासाठी. नातू केवढा आहे, हे अगदी ओठांवर येतं, पण मी विचारत नाही.