माणिकबाईचे वरचे दात

बार्शीटाकळीच्या बाजारात माणिकबाईची भाजी तिच्या आवाजावर खपायची. वरचे दात पडून कवळी आली, तशी आरोळी देताना ती निसटून जिभेवर यायला लागली. एकदा तर गिऱ्हाइकासमोर मेथीच्या जुडीवरच पडली. त्या दिवसापासून माणिकबाई गपगार.

हाडात स्क्रू घालून पक्के दात बसतील का, हे तिनं आधीच विचारलं होतं. अकोल्यात दातांचा डॉक्टर असलेल्या देवानंदला. तो तिच्या भावाचा मुलगा, आई गेल्यावर हिच्याच हाताखाली वाढलेला. तोंडात पाहून तो म्हणाला होता, "आत्या, तुया वरच्या जबड्यात हाडच नाही उरलं. स्क्रू कशात धरीन?" आपलं पोर सांगतं म्हणजे तसंच असणार, असं ती धरून चालली.

चार वर्षांनी बडनेऱ्याला देवानंदच्या मेहुणीचा साखरपुडा होता. पंगतीत त्याची सासू शेजारी बसली आणि कडक लाडू समोरच्या दातांनी कटकन तोडू लागली. माणिकबाई पाहतच राहिली.

"जावईबापूंनीच बसवले, पाच वर्षं झाली," सासू कौतुकानं म्हणाली. "माया वरच्या जबड्यात हाड कमीच होतं. पण आखूड स्क्रू असतात म्हणे, थोड्या हाडातही धरतात."

माणिकबाईनं ताट तसंच बाजूला सारलं. हात धुताना तिनं देवानंदला गाठलं. "मले कावून खोटं सांगतलं रे?"

तो खाली बघत पुटपुटला, "लय किचकट काम असते, आत्या. मले वाटलं, तुले बाजारातच तं बसायचं हाय. कवळीवर भागून जाईन."

परतीच्या गाडीत माणिकबाई पदर तोंडाला लावून रडली.

मग ती अमरावतीला डॉक्टर रागिणीकडे गेली. स्कॅन बघून रागिणी म्हणाली, "मावशी, आधी आला असता तर सोपं होतं. मधल्या काळात हाड आणखी झिजलं. तरी आखूड स्क्रू बसवून बघू. एखादा नाही धरला तर खचायचं नाही." एक खरंच नाही धरला, तो काढावा लागला. बाकीच्यांवर दात बसले, आणि बाजारात तिचा आवाज पुन्हा घुमू लागला.

देवानंद एकदा मुद्दाम आला. "आत्या, झकास बसले की!"

"या डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "काय देऊ तुमाले?"

तिनं त्याला जन्मात कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. तो पाव किलो वांगी घेऊन निघून गेला.