वन्संचं नाक, जाऊबाईंचा पियानो

"नणंद-भावजयीचं पटतं ते बघायला लोक येतात, संगीत काय कुठेही मिळतं," असं आमचे मोठे दीर, म्हणजे भाऊजी, सांगत फिरतात. यातली भावजय म्हणजे त्यांची बायको, माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या पियानो वाजवतात. नणंद म्हणजे त्यांची धाकटी बहीण, आमच्या वन्सं. त्या चेलो वाजवतात, म्हणजे व्हायोलिनचा उभा, थोरला भाऊ. दोघी एकाच घरात राहतात आणि गेली तीसेक वर्षं एकाच मंचावर बसतात. भांडण झालंच तर सुरांवरून होतं. पातेल्यांवरून कधी झालं नाही, कारण पातेल्यांकडे दोघींचंही लक्ष नसतं. ते खातं माझ्याकडे.

वन्संनी लग्न केलं नाही, म्हणून त्यांच्या चेलोला घरात 'जावईबापू' म्हणतात. थाटही तसाच. उन्हात उभं करायचं नाही, गार वारा लागू द्यायचा नाही, आणि परगावी निघालो की बसमध्ये खिडकीजवळची जागा त्यांची. जाऊबाईंचं सगळं याच्या उलट. पियानो काही काखोटीला मारून नेता येत नाही, त्यामुळे जिथे जातील तिथे समोर येईल त्याच्याशी संसार करायचा. शाळेच्या हॉलमधल्या पियानोवर मुलांचे डबे ठेवलेले असत. हॉटेलातल्या पियानोच्या पोटात फुलदाणीचं पाणी गेलेलं असे. एका दवाखान्याच्या सभागृहात तर मधली एक पट्टी दाबली की वरच येईना. जाऊबाईंनी दुसऱ्या हाताच्या करंगळीने ती उचलत उचलत अख्खा कार्यक्रम पार पाडला. शेजारी बसलेल्या वन्संना पत्ताही लागला नाही. नंतर कळल्यावर त्या केवढ्या चिडल्या! "वहिनी, सांगायचं नाही का?" जाऊबाई म्हणाल्या, "सांगून काय तुम्ही पट्टी उचलणार होतात? पदरी पडलं, पवित्र झालं."

सुरुवातीला दुकानांची उद्घाटनं, कुणाकुणाचे निरोपसमारंभ, असं काहीही घेतलं. एका ठिकाणी तर वाजवणाऱ्या दोघी, ऐकणारे आम्ही दोघं दीर-भावजय आणि बाकी सगळ्या खुर्च्या. दिवसा दोघी शिकवण्या करत, संध्याकाळी स्वतःचा रियाज. हळूहळू गावातल्या मोठ्या सभागृहाचा हिवाळ्यातला कार्यक्रम त्यांचा ठरून गेला. लोक आता "त्या दोघी कधी आहेत?" एवढंच विचारतात.

वन्संच्या नाकाचं हाड लहानपणापासून वाकडं. गज तारेला टेकवण्याआधी त्या श्वास घेत, तेव्हा 'सूंऽ' असा बारीक आवाज होई. पहिल्या रांगेपर्यंत जाई. एकदा रेकॉर्डिंग करणारा बिचारा म्हणाला, "बाई, हा आवाज मी काढून टाकतो. कुणाला कळायचं नाही." वन्संना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण भाऊजी तिथेच बसले होते. म्हणाले, "असू द्या. आमच्या अख्ख्या घरात नाव काढलंय ते त्या एका नाकानं." हसण्यावारी गेलं, आणि आवाज राहिला.

गेल्या वर्षी मात्र वन्संची डोकेदुखी फार वाढली. डॉक्टर म्हणाले, हाड सरळ करून घ्या. घेतलं. डोकेदुखी थांबली, घोरणंही थांबलं. भाऊजींची तक्रार वेगळीच, "घरात इतकी शांतता झालीय की मला झोप लागत नाही."

नाक बरं झाल्यावर दोघी पुन्हा रियाजाला बसल्या. आमची बाहेरची खोली लहान, त्यातच जेवणाचं टेबल. पियानो उभा, कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये भिंतीला लावलेला. म्हणजे वाजवताना जाऊबाईंचं तोंड भिंतीकडे, आणि त्यांच्या पाठीमागे बिनहाताच्या खुर्चीवर वन्सं. पहिल्या दिवसापासून हीच बैठक. नव्या रचनेत दोघींनी पहिल्याच सुराला एकदम यायचं होतं. चेलो आला, पियानो मागून आला.

"पुन्हा घेऊ," वन्सं म्हणाल्या.

पुन्हा तेच. मग वन्सं म्हणाल्या, नवी रचना नको, हाताखालची जुनी घेऊ. तिथेही तेच. जाऊबाईंनी झाकण लावलं.

"वन्सं, माझे हात गेले."

"काहीतरीच काय, वहिनी!"

"काहीतरीच नाही. वय झालं. हिवाळ्याच्या कार्यक्रमाला तुम्ही शिकवता त्या संगीतशाळेतल्या पियानोवाल्या बाईंना घ्या."

"दुसरीबरोबर बसायची वेळ आली तर जावईबापूंना माळ्यावर टाकीन."

"टाका. पण माझ्यापायी चारचौघांत तुमची शोभा नको."

त्यानंतर जाऊबाई स्वयंपाकघरात येऊन बसू लागल्या. तीस वर्षांत ज्यांनी कधी मटाराची शेंग हातात धरली नाही, त्या मला म्हणाल्या, "आण, सोलते." वन्सं शिकवायला बाहेर पडल्या की त्या गुपचूप पियानोशी जात. एकट्याच वाजवत, आणि इतकं स्वच्छ की ऐकत राहावं. मग उठून येत आणि म्हणत, "एकटीला जमतंय गं. मग त्यांच्याबरोबरच का माती खाते?" मी आणखी शेंगा पुढे सरकवत असे.

कार्यक्रम जवळ येत चालला. वन्सं काही दुसऱ्या बाईंना विचारायला गेल्या नाहीत. एका दुपारी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आल्या आणि भाजी निवडायच्या छोट्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

"वहिनी, हे आपलं जुनं रेकॉर्डिंग. तुम्ही काय वाजवता ते एकदा तुमच्याच कानांनी ऐका. मग सांगा हात गेले म्हणून."

जाऊबाई मान खाली घालून शेंगा सोलत राहिल्या. मोबाइलमधून 'सूंऽ' आलं. त्याबरोबर त्यांच्या हातातली शेंग सुटली आणि दोन्ही हात टेबलावर पडले. नेमका तेव्हाच मोबाइलमधला पियानो वाजला. मटाराचे दाणे फरशीभर पळाले. उचलायला कुणीच वाकलं नाही.

"पुन्हा लावा," जाऊबाई म्हणाल्या.

पुन्हा 'सूंऽ', पुन्हा हात खाली. जाऊबाई स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या, आणि मग वन्संकडे.

"अहो वन्सं, तुमचं ते नाक!"

दारात उभे असलेले भाऊजी म्हणाले, "घ्या! म्हणजे डॉक्टरांनी नाक हिचं सरळ केलं आणि कान तुझे कापले."

उपाय सोपा वाटला. वन्सं म्हणाल्या, "हात्तिच्या, मुद्दाम काढते की आवाज." पण आपोआप होणारी गोष्ट ठरवून करायला गेलं की ती होत नाही. कधी सूं आधी, कधी नंतर. एकदा तर असा निघाला की भाऊजी धावत आले, "कोण रडतंय?" दोघी हसून हसून बेजार झाल्या. हसू ओसरलं तशा जाऊबाई म्हणाल्या,

"वन्सं, इतकी वर्षं मी तुमच्याकडे कधी बघितलंच नाही. नुसती ऐकत आले."

"मग आता बघा."

"कशी? भिंतीतून?"

दुसऱ्या दिवशी पियानो भिंतीपासून ओढून फिरवला. त्यासाठी जेवणाचं टेबल बोळात गेलं आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो. पियानोमागे पेन्सिलींचे तुकडे, केसांच्या पिना आणि भाऊजींचा हरवलेला चष्मा निघाला. ज्यासाठी मी वर्षभर बोलणी खाल्ली होती, तोच.

साठीच्या पुढे नवी सवय लावून घेणं म्हणजे चेष्टा नव्हे. जाऊबाईंची नजर सारखी पट्ट्यांवर पळे. म्हणून त्यांनी प्रत्येक रचनेची सुरुवात तोंडपाठ केली, म्हणजे डोळे मोकळे राहतील. सकाळभर एकच ओळ चाले, तीही अर्धी. आणि भांडणं तर काय विचारता!

"वहिनी, वाजवताना तुम्ही ओठ असे का काढता? मला वाटतं माझंच चुकलं."

"तुम्ही ती भुवई आधी खाली घ्या. मी काय तुमचं उधार घेतलंय?"

मी आतून ऐकत होते आणि थक्क होत होते. नाव झालेलं, वय झालेलं. जुन्या पुण्याईवर थांबल्या असत्या तर कुणी बोट ठेवलं नसतं. पण या दोघी पहिलीतल्या मुलींसारख्या एकेक सूर गिरवत होत्या.

कार्यक्रमाच्या दिवशी वन्संनी मंचावरची खुर्ची पियानोकडे वळवून घेतली. व्यवस्थापक गडबडले. "बाई, लोकांना तुमचा चेहरा अर्धाच दिसेल."

"दिसू दे. वहिनींनी इतकी वर्षं भिंत बघितली. लोकांनी एक दिवस माझी बाजू बघितली तर काय बिघडलं?"

दोघी बसल्या. जाऊबाईंचे हात अजून मांडीवरच होते. मला पहिल्या रांगेतून दिसत होतं. भाऊजींनी माझ्या पिशवीचा बंद घट्ट धरला होता, त्यांना कळलंही नसावं. जाऊबाईंनी हात पट्ट्यांवर नेले आणि मान वर केली. वन्संनी त्यांच्याकडे बघितलं. नाकातून आवाज आला नाही, फक्त खांदा वर गेला, आणि भुवई.

चेलो आणि पियानो एकदम आले. भाऊजींनी बंद सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, "जाऊबाई, पियानो भिंतीला लावायचा ना? टेबल आत घेते."

"टेबल राहू दे बोळात," त्या म्हणाल्या. तोवर पियानोच्या स्टुलावर बसल्याही होत्या. वन्संनी जावईबापूंना पुढे घेतलं.

"वहिनी, ओठ."

"वन्सं, भुवई."

मी ताटं बोळात मांडली.