झोपलेला खेकडा

मुलांनो, तुमच्या गुदगुल्यांच्या गोष्टी मी कशा लिहिते, ते एकदा नीट लिहून ठेवते. तुम्ही तिकडे परदेशात, मी गिरगावात. माझी बोटं तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणून मी वहीत गोष्ट लिहिते, तिचे फोटो तुमच्या बाबाला पाठवते आणि रविवारी तो तुम्हाला जवळ घेऊन ती वाचतो. गोष्टीतला खेकडा तळहातावरून निघतो, मनगट ओलांडतो, कोपराच्या खळीत विसावतो आणि काखेत शिरतो. खेकड्याचे पाय म्हणजे बाबाची बोटं. मी फोनवर नुसती बघते.

लिहायची वेळ दुपारची. जेवणं आटोपली की गॅलरीतून वारा येतो, दोरीवरच्या साड्या फुगतात आणि चाळ जराशी तरंगल्यासारखी वाटते. मी डावा हात टेबलावर पसरते आणि उजव्या हाताची दोन बोटं त्यावरून चालवते. आपल्याच हाताने आपल्याला गुदगुल्या होत नाहीत. हात नुसता जड होतो, ओहोटीच्या वेळच्या माहीमच्या खाडीसारखा लांबच लांब दिसू लागतो, आणि वाक्यं त्या ओल्या चिखलावरून एकेक पाऊल टाकत येतात.

पण मी पडले शिस्तीची. पक्की प्रत काढताना जिथे गुदगुल्या करायच्या, तिथे मी तांबड्या शाईची फुली मारायचे. बाबाने चुकू नये म्हणून.

धाकट्या, तू तेव्हा पाच वर्षांचा होतास. मराठी तुला कळायचं, पण तू बोलायचास इंग्रजीत. मराठीत तू मागून घ्यायचास ती एवढी एकच गोष्ट: ‘खेकडा!’ पहिल्या दोन गोष्टींना तू खिदळलास. तिसऱ्या वेळी बाबा वाचत होता आणि तुझी नजर त्याच्या मोबाइलवरच्या पानावर होती. फुली जवळ आली तसे तू दोन्ही हात अंगाशी आवळलेस आणि ‘नाऊ’ म्हणालास, डॉक्टरकडे बसल्यासारखा. हसला नाहीस. पुढच्या रविवारी तू गोष्ट मागितलीच नाहीस. ठोकळे घेऊन आत निघून गेलास. तुझी ताई बिचारी माझ्याकडे बघून उगाच हसली.

शनिवारी दादरला आम्हा तिघींची बैठक असते. हौसेने लिहिणाऱ्या आम्ही. एक परळच्या इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स, दुसरीचं लालबागला मसाल्याचं दुकान. मी वही पुढे केली आणि सगळं सांगितलं.

“अहो, सुई टोचायची जागा आम्ही कधी पेशंटला दाखवतो का?” नर्सबाई म्हणाल्या. “त्याला गावचं नाव विचारायचं. तो सांगेपर्यंत काम झालेलं असतं.”

दुसरीने वही लांब धरून वाचली. “गो, तुझो खेकडो हापिसात चलल्यासारखो चलता. नऊ-वीसची गाडी धरूची आसा काय तेका?”

मग माझ्यापुढे तळहात पसरून ती म्हणाली, “हात दी हंयसर.”

“आधी तुझे हात धू,” मी म्हटलं. “मिरची कुटून आली असशील.”

“सकाळीच आंघोळ केलंय, बाई!”

नर्सबाई वाचू लागल्या, पण वहीतलं नव्हे, मनातलं. खेकडा निघाला, मनगटाशी आला आणि थांबला. त्याला झोप आली. पाणी येत होतं, जात होतं. माझ्या मनगटावर दोन बोटं ऊन खात पडली होती. खिडकीबाहेर कोणीतरी कल्हईवाल्यासारखी लांब हाक दिली. खेकडा उठेना. माझेही डोळे मिटत आले, आणि कोणी काही करायच्या आत पोटातून हसू फुटलं. मी, सत्तरीची बाई, खुर्चीतून घसरता घसरता राहिले.

“बघा,” नर्सबाई म्हणाल्या, “अजून गुदगुल्या केल्याच नाहीत.”

घरी येऊन मी नवी गोष्ट लिहिली. फुली एकही मारली नाही. कुठे काय करायचं ते लिहिलंच नाही. वर फक्त बाबासाठी सूचना: धाकटा ‘पुरे’ म्हणाला की खेकडा तिथल्या तिथे थांबेल.

रविवारी बाबाने तुला ठोकळ्यांतून उठवून आणलं. तू तोंड फुगवून बसलास. खेकडा तुझ्या मनगटावर आला आणि झोपला. बाबा हलक्या आवाजात वाचत राहिला. पाणी आलं, पाणी गेलं. तू खेकड्याकडे बघितलंस, मग बाबाकडे. ओठ आवळलेस, आणि ते आवळलेले ओठच थरथरायला लागले. मग तू जो फुटलास, त्यात खेकडा काखेत कधी शिरला ते मलाही दिसलं नाही.

‘पुरे’ तू म्हणाला नाहीस. धापा टाकत म्हणालास, “परत. परत झोपव त्याला.”

तीन आख्खे मराठी शब्द, त्यावर आणखी एक. बाबाने चमकून फोनकडे बघितलं. मी डोळ्यांनीच त्याला म्हटलं, काही बोलू नकोस, वाच.